एम.ए.चा विद्यार्थी दिवसभर करतो तरी काय?

मागल्या दिवाळीत घरी मी सहज बोलून गेले की, बी.ए. झाल्यावर एम.ए. करावे असे वाटते. अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला आणि विचारले, "पंधरा वर्सं होतील शिकून. आता आनि काय शिकायचं राहिलं?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे अण्णांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेसाठी पुण्याला जाण्याचा योग आला. आपल्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बी.ए. झालेली एक ताई तेथे इतिहासात एम.ए. करते. तिच्याकडे मी तीन दिवस राहिले. स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. पण अण्णांच्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळाले. तेच येथे मांडते.

प्रथम रुक्ष माहिती. पूर्वी हिशेब सोपा होता: तीन वर्षे बी.ए. आणि दोन वर्षे एम.ए. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यात आणखी एक वाट काढली आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एम.ए. एका वर्षात होते. तीन वर्षांवर थांबलो तर पूर्वीप्रमाणे दोन वर्षे. म्हणजे घरून पाच वर्षे पैसे लागणार, हे दोन्हीकडे सारखेच!

ताई सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस'वर राहते. हा शब्द मला नवा होता. येथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. एका खोलीत चार कॉट, चार मुली, चार विषय. कॉटखाली ट्रंक, उशाशी पुस्तके आणि भिंतीवर एक खुंटी, एवढेच आपले राज्य. जेवण मेसमध्ये. रविवारी दुपारी 'फीस्ट' म्हणजे गोडाधोडाचे जेवण आणि त्याची परतफेड म्हणून रात्री मेस बंद! त्या रात्री चौघी मिळून घरून आलेली चटणी, भडंग, लाडू मधोमध ठेवतात. ताई म्हणाली, "आठवड्यातलं खरं जेवण हेच."

सकाळी बसने विद्यापीठात. पुणे विद्यापीठ 1949 सालचे. 2014 मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. आमच्या वर्गात शंभर मुले असतात. ताईच्या वर्गात जेमतेम वीस. एखाद्या दिवशी दोनच तास होतात. मी विचारले, "मग बाकीचा दिवस?" ती मला जयकर ग्रंथालयात घेऊन गेली. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे मुले तासन्‌तास मान वर न करता बसलेली होती. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जे दृश्य दिसते, ते तेथे कुठल्याही मंगळवारी दिसते.

फरक कशात आहे, तर अभ्यासाच्या पद्धतीत. आपण बी.ए.ला इतिहास वाचतो तो कोणीतरी लिहून ठेवलेला. पुष्कळदा तर त्याचाही 'गाईड'. एम.ए.ला पहिला प्रश्न असतो, "हे कशावरून?" त्या प्रश्नामागे जाता जाता ताई मोडीपर्यंत पोहोचली. पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद मोडीत आहेत आणि ते वाचू शकणारे लोक थोडे. भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) ताईच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेथे मोडीचे वर्ग चालतात. ते तिने केले.

मोडी कशी असते ते तिने मला रात्री कॉटवर बसून दाखवले. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवत जायची; हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. विरामचिन्हे नाहीत. दोन शब्दांत जागादेखील सोडलेली नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ओळखायचे. सालही आकड्यात असेलच असे नाही. सुहूर सनाचे अरबी शब्द असतात. एक म्हणजे इहिदे, दोन म्हणजे इसन्ने, तीन सलास, चार अर्बा. ते पाठ व्हावेत म्हणून ताई मेसमधल्या पोळ्या याच आकड्यांत मोजते. वाढणाऱ्या मावशीही आता विचारतात, "सलास झाल्या, अर्बा देऊ का?"

पहिले दोन महिने तिला कागदावर नुसत्या अळ्या वळवळताना दिसत. मग एका संध्याकाळी एका जुन्या पत्राच्या झेरॉक्समधली एक ओळ कोणाच्याही मदतीशिवाय लागली. पत्रात लढाई नव्हती, कारस्थान नव्हते. दोन बैल पाठवले ते पोचले काय, एवढीच चौकशी. ताई म्हणाली, "त्या दिवशी मी एकटीच जाऊन कटिंग चहा प्याले आणि वर खारी घेतली. त्या माणसाचे बैल मलाच मिळाल्यासारखे वाटले."

एम.ए.च्या विद्यार्थ्याची सुखे ही अशी असतात. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत हवे ते पुस्तक अर्ध्या किमतीत सापडणे. सरांनी निबंधाच्या समासात "हे कशावरून?" न लिहिता नुसती बरोबरची खूण करणे. 'कमवा व शिका' योजनेतले पैसे आले की घरी आईला फोन करून "या महिन्यात पाठवू नकोस" असे सांगणे.

पण नुसते गोडच लिहिले तर ते खोटे होईल. ताईला रात्री झोप लागत नाही. नुसत्या एम.ए.वर प्राध्यापक होता येत नाही. नेट किंवा सेट द्यावी लागते. नेटमध्ये वरचे गुण मिळून जे.आर.एफ. लागली, तर पीएच.डी.साठी महिना 37,000 रुपये मिळतात. पण ती थोड्यांनाच लागते. सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ताईच्या घरीही स्थळे पाहणे सुरू आहे. "दोन वर्षांनी काय?" असे विचारले तर ती सरळ सांगते, "माहीत नाही."

गावी परतल्यावर मी अण्णांना हे सगळे सांगितले. सुखाच्या गोष्टी त्यांनी ऐकून घेतल्या. मोडीचे नाव निघाले तेव्हा मात्र ते उठले आणि पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या वेळचा जमिनीचा कागद काढून आणला. तो आमच्या घरात आजवर कोणाला वाचता आलेला नाही. मी सांगितले की, असे कागद घेऊन आजही लोक मोडी जाणणाऱ्याकडे जातात. 2023 साली कुणबी नोंदी शोधताना सरकारलाही मोडीवाचकांची गरज पडली.

अण्णांनी विचारले, "तुला येतंय का वाचाय?"

मी कागद उजेडात धरला. रेघ दिसली, तिला लटकलेली अक्षरे दिसली. एवढ्या ओळींतून मला एकच 'र' ओळखता आला, तोही कदाचित चुकीचा असेल. मी म्हणाले, "अजून नाही."

अण्णा "बरं" म्हणाले. ते होकाराचे 'बरं' होते की नुसतेच, हे मला अजून कळलेले नाही. तिसरे वर्ष संपेपर्यंत ते कळेल. मोडीची बाराखडी मात्र मी ताईकडून उतरवून आणली आहे. कोणाला हवी असेल तर वहीसकट मागावी.

– द्वितीय वर्ष, कला