बसऱ्याचा चार्ज



आमच्या लहानपणी लग्नकार्यात पेटीतून नथ निघाली की आजी अभिमानाने सांगायची, "बसऱ्याचे मोती आहेत हो!" बसरा म्हणजे इराकचे बंदर. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी ते तुर्कांकडून घेतले, तेव्हा तिथे उतरलेल्या फौजेचे नाव होते 'पूना डिव्हिजन'. एप्रिल २००३ मध्ये ब्रिटिश पुन्हा बसऱ्यात शिरले. या वेळी शिरण्यापेक्षा निघणे कठीण गेले.

आम्ही नर्सेस ड्युटी संपली म्हणून पर्स उचलून निघत नसू. पुढच्या पाळीच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेऊन चार्ज द्यायचा. एकदा घाईत नुसती वही आणि किल्ल्या दिल्या. कोपऱ्यातल्या आजोबांना दुपारी रक्तस्राव झाला होता, ते सांगायचं राहिलं. बसस्टॉपवर आठवलं आणि धावत मागे आलो. आजोबा सुखरूप होते, पण धडा मिळाला.

बसऱ्यातही चार्ज द्यायचा होता, इराकी पोलीस आणि सैन्याला. पण पोलीसभरती घाईत झाली. पक्षांच्या सशस्त्र टोळ्यांची माणसे खात्यात शिरली. अंगावर वर्दी सरकारची, हुकूम मात्र टोळीच्या म्होरक्याचा! २००६ च्या नाताळच्या दिवशी ब्रिटिश आणि इराकी सैनिकांनी जमियत पोलीस ठाण्यावर छापा घातला. आत १२७ कैदी सापडले. कित्येकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. म्हणजे पोलिसांपासूनच लोकांना सोडवायची पाळी आली.

इकडे ब्रिटिश सैनिकांवरही सतत हल्ले होत होते. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी शहरातला राजवाड्याचा शेवटचा तळ सोडला आणि ते विमानतळावर गेले. १६ डिसेंबर २००७ रोजी सह्या झाल्या आणि बसरा प्रांताची सुरक्षा इराकींकडे आली. त्याच सुमारास तिथले पोलीसप्रमुख अब्दुल जलील खलफ यांनी सांगितले, की त्या वर्षी चाळीसेक स्त्रियांना त्यांचा पेहराव पसंत नाही म्हणून ठार मारण्यात आले. हे वाचून आमच्या पोटात कालवलं.

नातवंडं विचारतील, "मग ब्रिटिशांनी राहायला हवं होतं का?" नाही, बाळांनो. परक्या फौजेने कधीतरी घरी जायलाच हवं. प्रश्न एवढाच, की चार्ज घेणारा तयार आहे का, आणि तो कोणाचं ऐकतो?

त्याचे उत्तर तीन महिन्यांत मिळाले. २५ मार्च २००८ रोजी पंतप्रधान नूरी अल मालिकी यांनी टोळ्यांविरुद्ध मोहीम काढली. स्वतः बसऱ्यात येऊन बसले. सुरुवातीला अनेक सैनिक व पोलिसांनी लढायला नकार दिला. पुढे सुमारे १,३०० जणांना बडतर्फ केले. मग बाहेरून ताज्या इराकी तुकड्या आल्या, अमेरिकन आणि ब्रिटिशांनी मागून मदत केली, आणि काही आठवड्यांत शहर सरकारच्या हाती आले. लढणारे इराकीच होते. फरक इतकाच, की नव्या तुकड्या टोळ्यांच्या धाकात नव्हत्या आणि त्यांना पाठबळ होते.

सही करायला पाच मिनिटं पुरतात. घेणाऱ्याला तयार करायला वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात शहरात माणसं राहत असतात.

घरी आजीची नथ असेल तर नातीला जरूर दाखवा, आणि बसऱ्याची ही गोष्टही सांगा.