सेकंदाला बाराशे स्फोट

३० ऑक्टोबर २०११. भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. इकडे अंगणात फटाक्यांचे कागद अजून पडलेले आणि तिकडे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २४ गाड्या रांगेत उभ्या. भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत!

त्या प्रत्येक गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन होतं आणि त्याला मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मुभा होती. चला, हिशेब मांडू या. मिनिटाला १८,००० म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट. सिलिंडर आठ. झाले सेकंदाला १,२०० स्फोट! दिवाळीत आपण हजाराची माळ लावतो आणि कानांत बोटं घालून ती कधी संपते याची वाट बघतो. इथे एकटी गाडी एका सेकंदात अख्खी माळ उडवते, वर दोनशे फटाके जास्तीचे. चोवीसही गाड्या पूर्ण जोरात असतील तर सेकंदाला २८,८००! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत जवळजवळ एकोणतीस माळा खलास.

आता त्या सिलिंडरमध्ये डोकावा. पिस्टनची धाव जेमतेम चार सेंटिमीटर, आपल्या दोन बोटांएवढी. पण सेकंदाला सहाशे वेळा! म्हणजे सेकंदाला २४ मीटर. त्याच जोरात दीड तास चालला, तर चार सेंटिमीटरच्या विहिरीत वरखाली करत हा पिस्टन १२९ किलोमीटर जातो. मुंबईहून निघाला तर घाट चढून, लोणावळा मागे टाकून, पार तळेगावच्या पुढे! आणि हवा? सेकंदाला ३६० लिटर. पंधरा फूट रुंद आणि तीस फूट खोल अशी गावाकडची विहीर हवेने भरलेली आहे असं समजा. हे इंजिन ती सात मिनिटांत पिऊन टाकतं.

तरी ही उतरलेली पट्टी बरं का! २००५ पर्यंत दहा सिलिंडरची व्ही-१० इंजिनं होती. आपला नारायण कार्तिकेयन त्या वर्षी जॉर्डन संघाकडून असंच इंजिन घेऊन उतरला. १९,००० फेरे धरले तर सेकंदाला १,५८३ स्फोट. ती किंचाळी अंगावर काटा आणायची.

मग आलं २०१४. सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन, १.६ लिटर, टर्बो आणि जोडीला विजेची मोटर. इंधनावर बंधन असं, की ताशी १०० किलोपेक्षा जास्त जाळायचं नाही. त्यामुळे फेरे १२,००० च्या आसपास राहू लागले. पुन्हा हिशेब करा. सेकंदाला २०० फेरे, तीन स्फोट फेऱ्याला, एकूण ६००. बाराशेचे सहाशे, बरोब्बर निम्मे! गाणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. कंपनं निम्मी झाली की स्वर नेमका एक सप्तक खाली येतो. तार सप्तकातली शर्यत एका हिवाळ्यात मध्य सप्तकात आली. मेलबर्नच्या आयोजकांनी पहिल्याच शर्यतीनंतर नाराजी बोलून दाखवली. मर्सिडीजने मे महिन्यात बार्सिलोनाला तुतारीसारखं तोंड असलेलं धुराडं लावून पाहिलं, पण गमावलेला आवाज काही परतला नाही.

तो गेला कुठे? धुराच्या वाटेत आता टर्बोचं चाक बसलं होतं. नियमाने त्याला मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत मुभा होती! घरचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फिरतो असं धरलं, तर रात्री अकराला लावलेला पंखा पहाटे पाचपर्यंत जेवढा फिरेल तेवढं हे चाक एका मिनिटात. धूर जोरात बाहेर पडताना जी ताकद फुकट जायची, तीच हे चाक पकडायचं आणि तिची वीज व्हायची. पूर्वी रुपयाच्या इंधनातले तीसेक पैसे कामी यायचे. २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीत पन्नास पैशांची रेघ ओलांडली! २०१४ च्या नियमाने शर्यतीला १०० किलो इंधन, म्हणजे सुमारे १३५ लिटर. शंभर रुपये लिटरने धरा, साडेतेरा हजारांत तीनशे किलोमीटरची शर्यत. मुंबई-पुणे जाऊन-येऊन, तीही दीड तासात!

आणि ताकद? व्ही-८ ची साडेसातशे अश्वशक्ती, नव्याची हजाराच्या घरात. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन आठवा. चोवीस डबे ओढणारं, १२३ टनांचं, सहा हजारांहून जरा जास्त अश्वशक्तीचं. सहा व्ही-६ एकत्र ठेवा, जवळपास तेवढी ताकद झाली. वजन किती? सगळ्यांचं मिळून नऊशे किलो!

माझे कान आजही व्ही-१० कडेच ओढ घेतात. पण मोठं काम व्ही-६ नेच केलं, हे मी आनंदाने मान्य करतो. ग्रेटर नोएडात मात्र २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या आणि तिन्ही व्ही-८ च्या. फॉर्म्युला वनच्या शर्यतीतलं ते खालचं सप्तक भारतातल्या मैदानाने अजून ऐकलेलं नाही.