नव्याण्णवच्या पुढचे नऊ

मंडळी, आज एका आकड्याबद्दल बोलू. होस्टिंग विकणाऱ्या कुठल्याही कंपनीचं माहितीपत्रक उघडा, ‘९९.९ टक्के अपटाइम’ हे ठळक अक्षरांत असतंच. कुणी ९९.९९ लिहितं. आपल्याला सवय परीक्षेतल्या टक्क्यांची, त्यामुळे ९९ काय आणि ९९.९ काय, सारखंच वाटतं. म्हणून आधी टक्क्यांचे तास करू या.

वर्षाचे तास ८,७६०. ९९ टक्के चालू म्हणजे वर्षात सुमारे साडेसत्याऐंशी तास बंद, साडेतीन दिवसांहून जास्त. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे साडेबावन्न मिनिटं. आणि ९९.९९९, ज्याला या धंद्यात ‘फाइव्ह नाइन्स’ म्हणतात, ते सव्वापाच मिनिटं. वर्षभरात मिळून! रात्री दोनला फोन वाजला, उठून चष्मा शोधला, लॅपटॉप सुरू केला, पासवर्ड टाकला, की संपला वर्षाचा कोटा.

हे जमवायचा चंग बांधलेले लोक होऊन गेलेत. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९६५ साली इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं, तेव्हा उद्दिष्ट होतं ४० वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद पडायचं नाही. त्यासाठी मुख्य नियंत्रक दोन ठेवले, तेच काम दोघांनी एकाच वेळी करायचं आणि एकमेकांची उत्तरं ताडून बघायची. पाठीशी स्वतःची प्रयोगशाळा आणि जवळजवळ मक्तेदारी. खर्च ग्राहकांच्या बिलातून निघत होता.

आता आपला वीस माणसांचा कारखाना घ्या, भोसरीतला म्हणा. बिलिंगचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन ऑर्डरी, तेवढंच. पण ऑर्डर यायला वीज लागते, इंटरनेट लागतं, राउटर, सर्व्हर आणि पैसे घेणारी पेमेंट सेवा लागते. पाच कड्यांची साखळी झाली. प्रत्येक कडी ९९.९ टक्के चालू धरा, आणि गुणाकार करा. उत्तर येतं ९९.५, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद. बेरीज नाही, गुणाकार आहे हा, आणि प्रत्येक नव्या कडीने तो खालीच जातो. वर पुण्याच्या श्रोत्यांना गुरुवारची वीज वेगळी सांगायला नको. महिन्यातून एकदा चार तास गेली तरी वर्षाचे ४८ तास झाले.

यावर उपाय म्हणून जोड्या लावतात. प्रत्येकी ९९ टक्क्यांची दोन कनेक्शन घेतली, तर कागदावर ९९.९९ होतात. कागदावर अशासाठी, की हे गणित दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरं. प्रत्यक्षात दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून येतात आणि एकच जेसीबी दोन्ही तोडतो. दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर असतात, हा तर नेहमीचा प्रकार.

‘मग सगळं क्लाउडवर टाकू,’ असं म्हणणारे भेटतात. टाका, बऱ्याचदा ते बरंच असतं. फक्त २८ फेब्रुवारी २०१७ लक्षात ठेवा. अॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेत दुरुस्ती करताना एका कर्मचाऱ्याने आज्ञा चुकीची टाइप केली आणि अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट सुमारे चार तास अडकल्या. ९९.९९ ची साडेबावन्न मिनिटं कधीच ओलांडली गेली. करारातली हमी नीट वाचली, तर भरपाई बहुधा पुढच्या बिलात सूट अशी असते. दोन हजारांच्या बिलावर दहा टक्के, म्हणजे दोनशे रुपये. तुमच्या बुडलेल्या ऑर्डरी त्यात धरलेल्याच नसतात.

आणि माणसं? चोवीस तास कुणीतरी जागं हवं, तर आठवड्याचे १६८ तास भरायला ४८ तासांची साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरून पाच. वीस जणांच्या कारखान्यात पाच जण फक्त पहाऱ्याला!

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. छोट्या व्यवसायाने ९९.९९ च्या मागे लागू नये. परवडत नाही हे एक, आणि गरजही नसते हे दुसरं. दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस काम चालतं. म्हणजे ८,७६० पैकी तीन हजार तासच कामाचे. रात्री तीनला सर्व्हर दोन तास झोपला तर कुणाचं काय अडलं? तोच दिवाळीच्या आदल्या शनिवारी अर्धा तास झोपला तर कळतं.

पैसे घालायचे ते दुरुस्तीच्या वेळेवर. वर्षातून दोनदा बिघाड, दर वेळी चार तास, तर आठ तास गेले. बिघाड तेवढेच ठेवून दुरुस्ती एका तासात आणली की दोनच तास. दुसऱ्या सर्व्हरपेक्षा हे स्वस्त पडतं. त्यासाठी बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्यातून कालचं एक बिल छापून पाहावं लागतं. घड्याळ लावून. तीन महिन्यांतून एकदा पुरे. पहिल्या खेपेला बहुतेकांचा अर्धा दिवस पासवर्ड आणि लायसन्स की शोधण्यात जातो. तो अर्धा दिवस गर्दी नसताना गेलेला बरा.

तोवर धंदा कसा चालवायचा, हेही ठरवून ठेवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बरीच उड्डाणं रद्द झाली, पण काही प्रवासी त्या कागदावरच विमानात चढले.

तुमचा कागद म्हणजे बिलबुक. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकाहून अधिक मालिका चालतात, तेव्हा हाताच्या बिलांना वेगळं अक्षर लावून स्वतंत्र क्रमांक द्या, सिस्टिम आली की त्याच क्रमांकाने नोंदी करा. मात्र ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांना व्यापाऱ्यांच्या बिलांसाठी ही वाट नाही; तिथे पोर्टलवरून क्रमांक घ्यावाच लागतो. त्यांनी मोबाइलचं हॉटस्पॉट आणि चार्ज केलेला एक लॅपटॉप गल्ल्याशेजारी ठेवावा.