तिकिटाच्या फीवरचा बट्टा

(वसईतल्या एका जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला बारीक वाटेल, पण वसई-विरारमध्ये तो घरोघरी आहे. कोणाची मुलगी कुवेतला नर्स, कोणाचा मुलगा दुबईत, कोणाची बहीण टोरांटोला. इथून निघताना बॅगेत सुकेळी, सुकी मासळी, घरचा मसाला भरला जातो आणि विमानतळाच्या काट्यावर बॅग जड भरली की जादा वजनाची फी भरावी लागते. ही फी मुंबईत भरली तर रुपयांत. हिशेब सरळ. पण परतीच्या बाजूची फी, म्हणजे तारीख बदलणं, जादा बॅग, सीट निवडणं, ही साधारणपणे प्रवास जिथून सुरू होतो तिथल्या चलनात लागते. आणि ती भरायला पुष्कळदा वसईतल्या वडिलांचं क्रेडिट कार्ड पुढे होतं. घोळ सुरू होतो तो तिथून.

आम्ही काही जण मिळून लोकांची कार्डाची बिलं वाचून देतो. मागे बोळींजहून एक निवृत्त गृहस्थ आले. मुलगी कुवेतला. इकडे आजी अत्यवस्थ, मुलीचा पगार व्हायला चार दिवस बाकी, म्हणून तिकिटाची तारीख बदलायची फी वडिलांनी ऑनलाइन भरली. पडद्यावर रुपयांत आकडा दिसला, तो त्यांनी वहीत लिहून ठेवला. बिल आलं तर फीची ओळ बरोबर, पण खाली आणखी दोन ओळी: एक बँकेचं शुल्क, दुसरी त्यावरचा जीएसटी. त्यांचं म्हणणं एवढंच, की "मी रुपयांत भरले ना, मग परकीय चलनाचा आकार कसला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे हा धंदा नवा नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात दिला की सराफ बट्टा कापून घेई. हुंडीवर हुंडणावळ लागे. नावाला बट्टा लागतो म्हणतो आपण, तो शब्द याच कुळातला. पण सराफाच्या पेढीवर एक सोय होती. बट्टा किती ते तो तोंडावर सांगत असे, आणि पटला नाही तर शेजारची पेढी होती. कार्डावरचा बट्टा दोन ठिकाणी कापला जातो, आणि दोन्ही ठिकाणी तो "बट्टा" या नावाने दिसत नाही.

पहिली जागा आपली बँक. तुम्ही दिनारात पैसे भरले तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्या दिनाराचे आपल्या दराने रुपये करतं. हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो. त्यावर बँक आपला मार्कअप लावते. पुष्कळ कार्डांवर तो ३.५ टक्के आहे, काहींवर २, थोड्या कार्डांवर शून्य. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ चे झाले ४.१३.

दुसरी जागा विमान कंपनीची वेबसाइट. कार्ड भारतातलं आहे हे पहिल्या काही आकड्यांवरून कळतं. लगेच पडद्यावर येतं: तुमच्या सोयीसाठी रुपयांत भरा. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. इथे दिनाराचे रुपये व्हिसा करत नाही, विमान कंपनीने नेमलेली दुसरी संस्था करते, स्वतःच्या दराने. दरातला जो फरक, त्यात त्या संस्थेचाही वाटा आणि विक्रेत्याचाही. सोय कोणाची ते तुम्हीच ठरवा.

आणि आता त्या गृहस्थांचं उत्तर. रुपयांत भरले तरी पैसे घेणारा विक्रेता परदेशात नोंदलेला असेल, तर आपल्या बँकेच्या लेखी तो व्यवहार आंतरराष्ट्रीयच. अशा "परदेशात रुपयांत" केलेल्या व्यवहारावर अनेक बँका १ टक्का, काही त्याहून थोडं जास्त शुल्क घेतात, वर जीएसटी. म्हणजे चलन बदलायचं काम एकाने केलं, आणि आकार दोघांनी घेतला.

आकडे मांडू. दर हिशेबापुरता धरलेला आहे, आजचा नाही. फी ४० कुवेती दिनार. (दिनाराचे हजार फिल्स होतात, म्हणून पडद्यावर ४०.००० असं तीन शून्यांनी दिसतं. ते चाळीस हजार नव्हेत. यावर घाबरलेले लोक आम्ही पाहिलेत.) एक दिनार २८० रुपये धरला तर मूळ रक्कम ११,२००. दिनारात भरले तर ३.५ टक्के म्हणजे ३९२, जीएसटी ७०.५६, एकूण ११,६६२.५६. रुपयांत भरले आणि वेबसाइटने दर ५ टक्के चढा लावला, म्हणजे २९४, तर रक्कम ११,७६०. त्यावर बँकेचे १ टक्का ११७.६०, जीएसटी २१.१७, एकूण ११,८९८.७७. फरक सव्वादोनशेच्या पुढे, आणि हा एका फीचा. चार माणसांचं कुटुंब, प्रत्येकाची जादा बॅग, तर आकडा तुम्हीच वाढवा.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "नेहमी परक्या चलनातच भरा" असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बहुतेक वेळा बरोबर आहे, नेहमी नाही. तुमच्या कार्डाचा मार्कअप ३.५ टक्के असेल, बँकेचं रुपयांतलं शुल्क १ टक्का असेल, आणि वेबसाइटचा दर कार्डाच्या दरापेक्षा साधारण २.९ टक्क्यांहून कमी चढा असेल, तर रुपयांत भरणंच स्वस्त. मार्कअप २ टक्के असेल तर हीच सीमा १.२ टक्क्यांच्या आसपास येते. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर विचारच नको, परकं चलन. म्हणजे घोकलेल्या नियमापेक्षा एक भागाकार कामाचा: पडद्यावरचे रुपये भागिले दिनार. जो दर आला तो व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या संकेतस्थळावरच्या त्या दिवशीच्या दराशी ताडून पाहा. तिथला हिशेबाचा तक्ता सर्वांना खुला आहे, दोन मिनिटांचं काम. मात्र कार्डाचा दर कधी कधी व्यवहाराच्या नाही, हिशेब पुरा होण्याच्या दिवशीचा लागतो, म्हणून एसएमएस आणि बिल यांत थोडा फरक पडला तर दचकू नका.

मग यात अन्याय कशाचा? आकार घेणं हा अन्याय आहे असं आम्ही म्हणत नाही. पेढी चालवायची तर बट्टा लागणारच. अन्याय आहे तो न विचारता घेण्यात. कार्ड कंपन्यांचे स्वतःचेच नियम सांगतात, की डीसीसी देताना ग्राहकाला दोन्ही रकमा, दर आणि मार्कअप दाखवला पाहिजे आणि निवड ग्राहकाने केली पाहिजे. प्रत्यक्षात रुपयांच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते आणि "चलन बदला" हे बारीक अक्षरांत खाली कुठेतरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. ग्राहकाला नको त्या निवडीकडे ढकलणारी पडद्याची मांडणी आणि शेवटच्या पायरीला फुगणारी किंमत, दोन्ही त्यात आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना नेमके हे शब्द वापरा.

बाहेरच्या देशांत हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत परकीय चलनाच्या लपवलेल्या आकाराबद्दल व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही मोठ्या बँकांवर सामूहिक दावा झाला, आणि २००६ मध्ये ३३.६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम केला, की डीसीसीचा मार्कअप युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवायचा. ऑस्ट्रेलियात गंमत उलटी: तिथे २०१५ मध्ये व्हिसाला १.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला तो डीसीसीचा प्रसार अडवला म्हणून! व्हिसाला ग्राहकाचा कळवळा होता असं समजू नका, बट्टा दुसऱ्याच्या पेढीत चालला होता.

आपल्याकडे दाद मागायची वाट अशी. आधी बँकेला लेखी कळवा. व्यवहाराची तारीख, पडद्याचा फोटो आणि बिलातली ती ओळ जोडा. विचारायचं एकच: हे शुल्क कार्डाच्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात कुठे लिहिलंय, पान दाखवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही, वकील लागत नाही. पण "३.५ टक्के फार आहेत" अशी तक्रार घेऊन गेलात तर ती टिकणार नाही, कारण दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यापारी निर्णय मानला जातो. "हे मला सांगितलंच नव्हतं" ही तक्रार टिकते. बोळींजच्या गृहस्थांच्या बाबतीत पत्रकात १ टक्का लिहिलेला निघाला, म्हणून बँकेकडून काही मिळालं नाही. विमान कंपनीकडे मात्र त्यांची तक्रार उभी राहते, कारण त्यांना दिनाराचा पर्याय दिसलाच नव्हता, आणि त्यांनी काढून ठेवलेल्या पडद्याच्या फोटोत ते स्वच्छ दिसतं.

परताव्याबद्दल दोन शब्द. फी परत मिळाली तर ती त्या दिवशीच्या दराने येते आणि बँकेचा मार्कअप बहुधा परत येत नाही. तिकीट पुन्हा बदलावं लागेल अशी शंका असेल तर हे आधीच हिशेबात धरा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलगा कुवेतलाच आहे, तर त्यानेच भरलं तर? ताई, सगळ्यात उत्तम. त्याचं कार्ड तिथल्या बँकेचं, खातं दिनारात, फी दिनारात. चलन बदलतच नाही, तर बट्टा कशावर लागणार? फक्त त्यालाही सांगून ठेवा, की वेबसाइट भारतातून उघडल्यासारखी रुपयांत दिसत असेल तर आधी देश बदलून कुवेत करायचा, आणि मग कार्डाचा नंबर टाकायचा.