कोलॅजेन पिऊन सुरकुत्या जातात का?

रोज चमचाभर पावडर पाण्यात ढवळून प्या, दोन-तीन महिन्यांत चेहरा तुकतुकीत होईल, असं कोलॅजेनच्या जाहिराती सांगतात. ही पावडर बनते गाई-डुकरांच्या कातड्यापासून नाहीतर माशांच्या कातडी-खवल्यांपासून. शाकाहारी मंडळींनी हे आधीच पाहून घ्यावं, कारण वनस्पतींत कोलॅजेन नसतंच.

त्वचेचा आतला थर मुख्यतः कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेला असतो. त्याच्या रेणूत वेणीसारखे तीन पेड एकमेकांभोवती वळलेले असतात. ही रचना मांडली मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी, १९५४-५५ मध्ये. वय वाढतं तसे हे धागे विरळ होत जातात, रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर झपाट्याने.

मग बाहेरून घेतलेलं कोलॅजेन ही तूट भरून काढेल का? ते जसंच्या तसं गालापर्यंत पोचत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे बारीक तुकडे होतात. मात्र प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लांची जोडी न तुटता रक्तात उतरते, असं जपानी संशोधकांना आढळलं आहे. म्हणजे कल्पना अगदीच निराधार नाही.

चाचण्याही झाल्या आहेत. २०२५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा २३ चाचण्यांचा, एकूण १,४७४ जणांचा, एकत्रित आढावा आला. सरसकट बेरीज केली तेव्हा त्वचेचा ओलावा, लवचीकपणा, सुरकुत्या, सगळ्यांतच सुधारणा दिसली. मग संशोधकांनी पैसा कुठून आला ते पाहून चाचण्या वेगळ्या केल्या. कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत परिणाम दिसला नाही. काटेकोरपणे केलेल्या चाचण्यांतही नाही.

एवढं कळल्यावर महिन्यामागून महिने महागडे डबे आणण्याला काय अर्थ उरतो? कोलॅजेन तोडण्यात उन्हाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यावरचा उपाय नीट तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांच्या हाताच्या पाठीचे सिलिकोनचे ठसे घेतले गेले, साडेचार वर्षांनी पुन्हा घेतले आणि त्वचेवरच्या बारीक रेषा ताडून पाहिल्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी वयस्क झाली होती. त्याच प्रयोगात काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा एकूण परिणाम दिसला नाही.