दरड घरावर, मूल शाळेत
(परगावचं शिक्षण : भाग सातवा)

परदेशी शिकायला गेलेलं मूल भूकंपात किंवा पुरात सापडलं की काय होतं, ते मागच्या भागात पाहिलं. तिथे संकट मुलावर असतं आणि घरचे फोनला डोळे लावून बसतात. कर्जत-खालापुरात हे उलटं होतं. इथल्या ठाकूर-कातकरी मुलांसाठी परगावचं शिक्षण म्हणजे निवासी आश्रमशाळा. मूल पक्क्या इमारतीत असतं आणि घर डोंगराच्या उतारावर.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौक गावाच्या वर, इर्शाळगडाच्या अंगावर वसलेली ही ठाकुरांची वाडी. आधीच्या तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाला होता. सह्याद्रीत कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. पाणी मुरत गेलं की तो जड होतो, आणि कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून मातीची धरच सुटते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी वर चढेना. एनडीआरएफचे जवान आणि स्थानिक गिर्यारोहक हातांनी चिखल उपसत होते. 27 मृतदेह मिळाले. 57 जण बेपत्ता राहिले आणि 23 जुलैला शोध थांबवला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली. त्या आठवड्यात बातम्यांमधून हे वाक्य सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखं येत होतं. मला ते अपुरं वाटतं. वाचलेल्या मुलाला ही बातमी कोण सांगणार? आणि ती कुठल्या तरी मोबाइलवर त्याच्या आधी पोचली, तर?

रोटरीच्या अदलाबदल कार्यक्रमातून परदेशी जाणाऱ्या मुलाची सोय आठवा. त्याला सांभाळणारं कुटुंब असतं, शिवाय त्या गावच्या क्लबने नेमलेला एक स्वतंत्र सल्लागार असतो. विमा आणि संपर्काचे क्रमांक निघण्यापूर्वीच ठरलेले असतात. आश्रमशाळेत हे सगळं मिळून अधीक्षक नावाचा एकच माणूस. शेकडो मुलांचं जेवण, आजारपण, हजेरी बघता बघता त्यानेच एखाद्या पोराला जवळ बसवून सांगायचं, की तुझं घर आता नाही. चांगला अधीक्षक ते करतोही. पण ते त्याच्या स्वभावावर सोडलेलं असतं.

त्यानंतर कागद सुरू होतात, आणि मुलाची खरी फरफट इथेच होऊ शकते. बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्याने सात वर्षं लागतात. ती अट बाजूला ठेवायची तर सरकारला वेगळी कार्यपद्धती ठरवावी लागते. 2013 च्या प्रलयानंतर उत्तराखंडसाठी तशी ठरवली गेली. ती नसेल तर आईबापांच्या मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय वारसाची मदत अडते. आदिवासी मुलाच्या जातीच्या दाखल्याला वडील-आजोबांचे पुरावे लागतात. ते घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतात, आणि पेटी दरडीखाली. त्यातल्या त्यात शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद शाबूत राहते. प्रवेशाच्या वेळीच सगळ्या कागदांची एक प्रत शाळेत आणि एक पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ठेवायला फार पैसे लागणार नाहीत.

वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं, पुढे सिडकोने घरं बांधून दिली. घर मिळालं तरी दिवाळीची सुट्टी येतेच. वसतिगृह रिकामं होतं, एकेक पालक येऊन सही करून पोरं घेऊन जातात. अनाथ मुलासाठी सही मामाने करायची की चुलत्याने, हे जुलैतच लिहून ठेवलेलं असावं. ऑक्टोबरात फाटकापाशी ठरवायची ही गोष्ट नव्हे.

पुढच्या भागात : जून ते सप्टेंबर रस्ता तुटणाऱ्या वाड्यांमधली मुलं शाळेत पोचतात कशी.