चित्रकाराची पदविका आणि परदेशाचे दार

न्हावऱ्यासारख्या गावी परदेशगमनाचा विषय निघाला की तो अभियंते आणि संगणकतज्ज्ञ यांच्यापाशीच थांबतो. घोडगंगा कारखान्याच्या परिसरातील एखादा मुलगा शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतो, पुण्यास उपयोजित कला शिकतो आणि पुढे परदेशी नोकरीची आकांक्षा धरतो, हे अद्याप आपल्या हिशेबी नाही.

त्याची खरी अडचण पदवीची आहे. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा ज्या कामास किमान पदवी लागते अशाच कामासाठी मिळतो. आपल्या कित्येक कलावंतांपाशी असते ती जी. डी. आर्ट ही शासकीय पदविका. शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी कामाची तीन वर्षे धरण्याची सोय आहे खरी. परंतु ती वर्षे कागदोपत्री सिद्ध करावी लागतात. त्यात वार्षिक मर्यादा ६५ हजारांची, अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजारांची, आणि त्यावर सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. कोणती लहानशी जाहिरातसंस्था ते भरील?

ओ-१ या दुसऱ्या व्हिसास पदवी लागत नाही, संख्येची मर्यादाही नाही. तेथे कलावंताने मोठे पारितोषिक तरी दाखवावे, नाही तर प्रसिद्धी, प्रमुख भूमिका, तज्ज्ञांची मान्यता, मोठे वेतन अशा सहा प्रकारच्या पुराव्यांपैकी तीन तरी द्यावेत. आपली परंपरा मात्र नाव न घालण्याची! र. कृ. जोशी यांनी घडविलेली 'मंगल' ही अक्षरे संगणकावर असंख्य लोकांनी वाचली. त्यांतील किती जणांना जोशी ठाऊक आहेत?

जर्मनीने जून २०२४ पासून दिलेले 'संधी-पत्र' आपल्या पदविकाधारकांस अधिक जवळचे वाटते. मूळ देशाच्या शासनाने मान्य केलेले किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण तेथे चालते. जर्मनचे प्राथमिक किंवा इंग्रजीचे बऱ्यापैकी ज्ञान, सहा गुण आणि निर्वाहाची तरतूद दाखविली की नोकरी शोधण्यास वर्षभर राहता येते. जमीन गहाण टाकून दलालाकडे धावण्यापूर्वी पालकांनी हे जाणून घ्यावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी भरती करणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केली आहे. तो नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच कसला?

आणि पुराव्याची सुरुवात येथूनच होते. आपल्या कार्यालयांतून मिळणारे अनुभवाचे प्रमाणपत्र बहुधा दोन ओळींचे असते: सदर इसमाने आमचेकडे काम केले, वर्तणूक समाधानकारक. त्याने कोणते बोधचिन्ह रेखाटले, कोणत्या पुस्तकाची मांडणी केली, याचा त्यात उल्लेखही नसतो.